मागच्या फाटकाचं कुलूप

२८ नोव्हेंबर
लुटतायत मेले. गॅसचा चेक पुन्हा कमी. हे जाताना इथली, पिट्सबर्गजवळची जमीन माझ्या नावावर ठेवून गेले. कंपनीने तिच्यात विहीर पाडली, निघेल त्या गॅसचा वाटा मला द्यायचा असा करार. वाटा देणारे तेच, मोजणारेही तेच. गिरीश म्हणाला, आई, कागद माझ्याकडे दे, मी बघतो. स्वतःचे मोजे सापडत नाहीत याला. हिशेब मीच बघणार.

१ डिसेंबर
चोर सापडला. मागच्या रस्त्याने टँकर येतो, विहिरीजवळच्या टाकीला पाइप लावतो, भरून नेतो. डेल नाव. याला मी थालीपीठ खायला घातलंय. गेल्या साली बर्फात आमची गाडी ढकलली यानेच. म्हणजे पाहणी तेव्हापासून चालू. गिरीश म्हणे, गॅस जमिनीखालच्या पाइपातून जातो. म्हटलं, मिरजेत होते तोवर गॅस गाडीतूनच आला, मला शिकवू नकोस.

३ डिसेंबर
मागच्या फाटकाला कुलूप. मिरजेचं, पितळी. किल्ली तांदळाच्या डब्यात. घरात सांगितलं नाही. चर्चा सुरू झाली की काम होत नाही.

१२ डिसेंबर, दुपारी
डेल फाटकाशी उभा. मला बघून हात हलवला. पडदा ओढला. अनोळखी नंबरचे फोनही येतायत. स्कॅमवाले. उचलत नाही. मेसेज पुसते.

२७ डिसेंबर
चेक थोडा वाढला. कुलूप लागू पडतंय.

२८ जानेवारी
चेक चांगलाच वाढला. गिरीश वा म्हणाला. मी चौथी पास, तो इंजिनिअर. असो.

१ फेब्रुवारी
पिट्सबर्गला मंडळाची संक्रांत. काही बोलायचं नाही असं ठरवून गेले. पहिल्या तिळगुळालाच बोलले. मंडळातल्या पद्मिनीच्या जमिनीतही विहीर, टँकरवाला तोच. तिला डेलचं सगळं सांगितलं. रात्री दिवे बंद करून येतो, हे पदरचं घातलं. येतो दिवसाच, पण तसं सांगून कोण ऐकतं. पद्मिनी कंपनीकडे तक्रार करणार आहे. इंग्रजी फाडफाड आहे तिचं.

२७ फेब्रुवारी
याला चेक म्हणायचं? पाकीट तेवढं जाड. नातीला बोलावलं. रुहीला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत. म्हणाली, आजी, धिस इज फॉर डिसेंबर. चेक दोन महिने मागच्या गॅसचा असतो. वाढलेले दोन्ही चेक कुलपाआधीचे. हे मी मनातच ताडलं, तिला कुलूप माहीत नाही. मग तिने फोनवर शोधून सांगितलं, कंपनीने सरकारला कळवलंय, डिसेंबरात विहीर जवळजवळ बंद. गॅसबरोबर खारं पाणी वर येतं, टँकर ते नेतो. टँकर आत शिरू शकला नाही, टाकी भरली, विहीर बंद केली. का शिरू शकला नाही, हे रुहीला कळेना. मी भात टाकायला उठले. तांदूळ काढताना किल्ली हाताला लागली.

१ मार्च
पद्मिनीचा फोन. डेलला कामावरून थांबवलंय, चौकशी चालू. म्हणाली, मावशी, तुमच्यामुळे पकडला गेला. मी म्हटलं रेंज नाही, आणि ठेवला. फोन भिंतीवरचा होता.

२ मार्च
गिरीशला सांगितलं. कुलूप सांगितलं, रात्रीचे दिवेही सांगितले. ओरडला असता तर बरं होतं. किल्ली माझ्यापुढे सरकवली. सून सुवर्णा ओट्यापाशी पाठ करून उभी. कुलूप मीच काढून आणलं. थंडीत हाताला चिकटत होतं. कागद गिरीशच्या हवाली केले.

कंपनीचे चौकशीवाले उद्या फोन करणार आहेत. दुसऱ्या कोणी उचलायचा नाही. डेल चोर नाही, खोटं मी बोलले, हे मीच सांगणार. मी हॅलो म्हणेन. पुढचं इंग्रजी सुवर्णाने बोलायचं.