बॉनेटखालचे बटाटे

सोमवार, ३ फेब्रुवारी
सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख अखेर मिळाली. शनिवार, सकाळी आठ. हॉस्पिटलमधल्या रिसेप्शनिस्टबाईंनी फोनवर सांगितलं, बायकोने दोनदा विचारून खात्री करून घेतली. ही तारीख हुकली तर पुढची एप्रिलमध्ये. बायको म्हणाली, टॅक्सी सांगून ठेवू. म्हटलं, घरची गाडी असताना? ती कपाळाला हात लावून आत गेली. म्हणजे पटलं असावं.
संकल्प: शनिवारपर्यंत गाडी टकाटक. शिवाय स्वयंपाकघरात गॅसची बचत. दोन्ही आघाड्या मीच सांभाळणार.

मंगळवार
टूथपेस्टने हेडलाइट घासले. आरशासारखे चमकतात. मुलगी विचारत होती, दात कशाने घासू. मिठाने घास म्हटलं. तिने आजीकडे तक्रार केली. आजीने जावयाची बाजू घेतली. सासूबाईंना माणसांची पारख आहे, दिसत नसलं तरी.

बुधवार
ऑफिसच्या बैठकीत डोक्यात प्रकाश पडला. इंजिनाची एवढी उष्णता रोज फुकट जाते. उद्यापासून बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून इंजिनावर ठेवायचे, ऑफिसला पोचेपर्यंत भाजून तयार. एका इंधनात दोन कामं. हे आजवर कोणालाच कसं सुचलं नाही?

गुरुवार
बटाटे वरून काळे, आत कच्चे. ऑफिस फार जवळ आहे, हा दोष माझा नाही. येताना शहराला वळसा घालून आलो, तेव्हा कुठे शिजले. बायकोने विचारलं, वळशाचं पेट्रोल कोणी भरलं? तिला मोठं चित्र दिसत नाही. जेवताना मुलगी म्हणाली, बाबा, भाजीला गॅरेजचा वास येतोय. आठपैकी सहाच बटाटे सापडले. दोन आतच कुठेतरी असतील. कुठे जाणार?

शुक्रवार, सकाळ
तळमजल्यावरच्या काकांनी अडवलं. म्हणाले, तुमच्या गाडीखाली काल संध्याकाळपासून उंदरांची ये-जा चालू आहे, जरा बघा. म्हटलं, उंदीर हा सोसायटीचा विषय आहे, मीटिंगमध्ये काढा.

शुक्रवार, संध्याकाळ
बायकोने गुपचूप टॅक्सी सांगितली होती, असं कळलं. विश्वास म्हणून नाहीच. मीही गुपचूप फोन करून रद्द केली. डाव्या बाजूचा इंडिकेटर लागत नाही. थंडी आहे.

शनिवार, ७.१०
सासूबाई मागच्या सीटवर, शेजारी बायको आणि मुलगी. गाडी चालू होत नाही. टक् असा आवाजसुद्धा नाही.

७.२५
बॉनेट उघडलं. वायरी कुरतडलेल्या. फॉइलच्या चिंध्यांचं घरटं, त्यात अर्धा बटाटा आणि एक उंदीर. तो अजिबात दचकला नाही. सासूबाईंनी विचारलं, गाडी का हलत नाही? त्यांना उगाच टेन्शन नको, म्हणून सांगितलं, ट्रॅफिक आहे. त्या म्हणाल्या, एवढं ट्रॅफिक आणि एकही हॉर्न नाही, लोक सुधारले हो. बायको माझ्याकडे बघत होती. मग तिने टॅक्सीवाल्याला फोन लावला. त्याने माझं नाव घेतलं असावं, कारण तिने माझ्याकडे बघणंही बंद केलं.

७.३५
काकांनी भाजीचा टेम्पो थांबवला. सासूबाई ड्रायव्हरशेजारी, बायको आणि मुलगी मागे पालकाच्या जुड्यांत. मी आलो नाही. गाडीपाशी कोणीतरी थांबायला हवं होतं.

शनिवार, दुपार
मेकॅनिक येऊन गेला. पूर्ण वायरिंग बदलावं लागणार. बटाट्याबद्दल त्याने काही विचारलं नाही, नुसता उरलेला अर्धा माझ्या हातात दिला.
मुलीचा फोन आला. दहा मिनिटं उशीर झाला, पण ऑपरेशन छान झालं, डॉक्टर स्वतः सांगून गेले. उद्या दहा वाजता पट्टी सुटेल, मगच घरी सोडतील. आजीला लांबचंसुद्धा स्वच्छ दिसेल म्हणे. आणण्यासाठी आईने टॅक्सी सांगितली आहे, तुम्ही कुठेही फोन करायचा नाही, असा निरोप आहे. घरी आल्यावर आजी आधी पार्किंगमध्ये थांबणार आहे. तिला सकाळचं ते ट्रॅफिक बघायचं आहे.