रोगट आहे, हात लावू नये

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच समज. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरात सध्या माझ्याखेरीज दोनच आहेत.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यावर तू गच्चीवर जाणं बंद केलंस की डॉक्टरांकडे जाणं? इकडे सगळं ठीक आहे. माझी साखर ताब्यात आहे, तुझ्या भावजयीचा आवाज नाही. आमचे चिरंजीव कुठल्या तरी समुद्रात, जहाजाच्या इंजिनाच्या खोलीत घाम गाळत सुखरूप आहेत. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू भलत्या ठिकाणी हसतेस, मग मी चिडतो आणि हकिगत अर्धी राहते. कागदावर तुला हवं तिथे हस. मला ऐकू येणार नाही.

तर गेल्या महिन्यात घरातला नेटचा जुना डबा गेला. कसा गेला ते विचारू नकोस. (फुलदाणी त्याच्यावर ठेवलेली होती आणि फुलांना पाणी घालणं हे घरात माझ्याकडे आहे.) मला स्वतःला नेटवाचून काही अडत नाही. पण सूनबाईचं अडत होतं. तुला ठाऊकच आहे, ती कानांनी ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवते. तिची इथली शाळा बंद पडली आणि तीन महिन्यांपूर्वी ती सामान घेऊन आमच्याकडे राहायला आली. आता एका परगावच्या मोठ्या शाळेतून तिला बोलावणं आलं होतं. मुलाखत गुरुवारी सकाळी अकरा वाजता, संगणकाच्या पडद्यावर. आणि ही मुलाखत तोंडाने द्यायची नव्हती, हातांनी द्यायची होती. तुझ्यामाझ्या बोलण्यात नेट अडखळलं तर आपण “हॅलो, हॅलो” करून पुढे जातो. तिचं चित्र अडकलं तर बोट हवेतच राहणार आणि वाक्यही. मोबाईलचं नेट म्हणशील तर ते आमच्याकडे फक्त जिन्यातल्या चौथ्या पायरीवर येतं, तेही भिंतीला कान लावून उभं राहिलं तर.

इथे एक गोष्ट कबूल करतो. या तीन महिन्यांत सूनबाईचं आणि माझं बोलणं म्हणजे “चहा ठेवू, बाबा?” आणि “ठेव.” भांडण नाही, तंटा नाही, पण पुढे काय बोलायचं ते मला सुचायचं नाही आणि तीही बिचारी संकोचायची. त्यामुळे गेल्या आठवड्यात सोमवारी दुकानातून नवा, बिनतारी राउटर आला आणि ती म्हणाली, “मी बसवते बाबा, दहा मिनिटांचं काम आहे,” तेव्हा मला वाटलं, आपण काहीतरी करून दाखवायची हीच वेळ. शिवाय दहा मिनिटांचं काम म्हणजे काय? ज्या माणसाने छत्तीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडल्या, खांबावर लटकून डबा खाल्ला, त्याला दहा मिनिटं? त्या दोघी बाजारात गेल्याबरोबर मी खोकं उघडलं.

राउटरला मागे पाच भोकं असतात. चार पिवळी आणि एक निळं. बाहेरून आलेली तार कुठल्या भोकात घालायची हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, पण इतक्या बारीक अक्षरात की ते आपण वाचू नये अशीच त्यांची इच्छा दिसली. मी बहुमत पाहिलं आणि पिवळ्यात घातली. दिवे लागले. एक नारिंगी दिवा तेवढा सारखा डोळे मिचकावत होता, तो मी शोभेचा समजलो. मग जागेचा प्रश्न. वस्तू नवी, महागाची, पुन्हा कुणी तिच्यावर काही सांडायला नको (घरात अशी माणसं आहेत), म्हणून ती मी लोखंडी कपाटात, रजयांच्या मध्ये ठेवली आणि फटीतून तारा बाहेर काढून कपाटाचं दार घट्ट लावून घेतलं. बिनतारी वस्तू, तिला दाराचं काय!

मग मोबाईल घेऊन खिडकीशी बसलो. खोक्यावर छापलेलं कारखान्याचं नाव पडद्यावर लगेच दिसलं, एकदम ठसठशीत, सगळ्या रेघा भरलेल्या. पासवर्ड मागितलाच नाही. मग नाव-पासवर्ड बदलायच्या पानावर गेलो, पत्रकात दिलेला परवलीचा शब्द टाकला आणि तेही उघडलं. नवा पासवर्ड ठेवला (तुझी जन्मतारीख, राग मानू नकोस, लक्षात राहणारी तेवढी एकच आहे, कारण विसरलो तर तू वर्षभर ऐकवतेस). राहिलं नाव. शेजारीपाजारी फुकटात नेट वापरतात असं मी ऐकलं होतं, तेव्हा नाव असं हवं की बघणाऱ्याने लांबूनच पळावं. बराच विचार करून मी लिहिलं, “रोगट आहे हात लावू नये”. अक्षरं इंग्रजी, पण वाचणाऱ्याला बरोब्बर लागेल अशी. दोघी परत आल्या तेव्हा मी खुर्चीत पाय पसरून बातम्या बघत होतो, सरळ मोबाईलवर. सूनबाईने खिडकीपाशी संगणक उघडून पाहिला. नेट धावत होतं. आतल्या खोल्यांमध्ये मात्र अजिबात येत नव्हतं, तेव्हा खिडकीशी वारा खेळता असतो म्हणून लहरी तिथे चांगल्या येतात, असं मी तिला समजावून सांगितलं. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत मात्र राहिली.

आता आमच्या घराखाली दातांचा दवाखाना आहे हे तुला आठवत असेल. (तुझी डावीकडची दाढ तिथेच राहिली.) मंगळवारी त्या दवाखान्यात काहीतरी गडबड सुरू झाली. लोक आत जायचे, बसायचे, मोबाईल काढायचे, आणि पाचच मिनिटांत तोंडावर रुमाल धरून बाहेर पडायचे. बुधवारी डॉक्टर मला जिन्यात भेटले. चेहरा पार उतरलेला. म्हणाले, दवाखान्याच्या नेटमध्ये काहीतरी घुसलंय, दातांचे फोटो यंत्रातून संगणकावर जातच नाहीत, आणि वर असं काहीतरी नाव दिसतंय की बोलायची सोय नाही. मला वाईट वाटलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नवीन यंत्रं कशी हाताळावीत, याबद्दल चांगलं पाऊण तास मार्गदर्शन केलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, माझे आभार मानले. अक्का, त्या माणसाचं ते आभार मानणं आठवलं की आजही मी जिना चोरपावलांनी उतरतो.

गुरुवार उजाडला. सूनबाईने खिडकीशी टेबल लावलं, मागे साधा पडदा, अंगात गडद रंगाचा कुडता, कारण त्यावर हात नीट दिसतात म्हणे. अकराला पडद्यावर तीन माणसं आली, दोन बायका आणि एक बुवा. मी आणि तुझी भावजय दाराआडून बघत होतो. आणि अक्का, आपल्या सूनबाईचे हात बोलायला लागले! तीन महिने जी मुलगी घरात मान खाली घालून वावरत होती, ती भुवयांनी, खांद्यांनी, दहा बोटांनी अशी काही बोलत होती की मला एक अक्षर कळत नव्हतं तरी मी मान डोलावत होतो. पलीकडचा बुवा हसला. एका बाईंनी काहीतरी विचारलं. सूनबाईने उत्तराला हात उचलले आणि चित्र थांबलं. पलीकडे तिघांचे चेहरे अर्धवट, एकाचा डोळा मिटलेला. मग चित्रही गेलं.

ती उठून कपाटापाशी धावली. दार उघडून रजया उपसल्या, आतला तो राउटर बघितला, मग संगणकावर काहीतरी बघितलं आणि माझ्याकडे वळली. आवाज अगदी शांत. “बाबा, आपला राउटर अजून कारखान्याच्याच नावाने बसलाय. मग तुम्ही नाव कुणाचं बदललंत?”

अक्का, छत्तीस वर्षांच्या नोकरीत विजेचा धक्का मला तीनदा बसला. हा चौथा. डॉक्टरांनीही त्याच दुकानातून तसलाच राउटर घेतला होता आणि नाव-पासवर्ड नंतर बघू म्हणून तसाच ठेवला होता. माझा कपाटात कोंडलेला, त्यांचा बरोबर खिडकीखाली. तीन दिवस आम्ही त्यांच्या नेटवर ऐश करत होतो, आणि आत्ता अकरानंतर त्यांनी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने त्यांचा राउटर मागच्या बारीक भोकात सुई खुपसून मूळपदावर आणला होता, म्हणजे माझं नाव आणि पासवर्ड दोन्ही पुसून टाकलं होतं.

मी बनियनवरच खाली धावलो. दवाखान्यात डॉक्टर, तो दुरुस्तीवाला आणि खुर्चीत तोंड उघडून पडलेले एक बसचे ड्रायव्हर. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. रोगट मीच लिहिलं, काल शहाणपणा शिकवला तोही मीच, काय बोलायचं ते नंतर बोला, पण वर पोरीची मुलाखत अर्ध्यात अडकलीय. डॉक्टरांनी तोंडावरची पट्टी खाली ओढली. मग म्हणाले, “इथे चालू झालंय. त्यांना खाली घेऊन या. लवकर.”

खाली टेबलावर जागा नव्हती, नुसत्या हत्यारांच्या थाळ्या. बसच्या ड्रायव्हरसाहेबांनी आपण होऊन खुर्ची सोडली. सूनबाई त्या खुर्चीत बसली, संगणक मी हातात धरला, आणि डॉक्टरांनी वरचा मोठा दिवा वळवून तिच्या हातांवर पाडला. नखसुद्धा दिसत होतं! पलीकडची मंडळी वाट बघत थांबली होती. (मागे दातांच्या पक्कडी टांगलेल्या बघून बुवा जरा दचकले.) थोड्या वेळाने सूनबाई मला म्हणाली की त्यांनी विचारलंय, ज्या मुलाला एकही खूण येत नाही त्याच्याशी पहिल्या दिवशी कसं बोलशील. आणि तिने उत्तर देण्याऐवजी मला संगणक वळवायला लावला, थेट ड्रायव्हरसाहेबांकडे. त्यांच्या तोंडाला बधिर करायचं इंजेक्शन दिलेलं, जीभ जडशीळ, नुसतं “व्हव्ह” निघत होतं. तिने त्यांच्यासमोर बसून हातांनी, चेहऱ्याने विचारायला सुरुवात केली. तो मिशाळ माणूस आधी लाजला, मग त्याने उत्तर म्हणून हवेत स्टिअरिंग धरलं, प्रवासी चढवले, घंटी मारली, दाढेत कळ कुठे जाते ते दाखवलं, घरी दोन मुली आहेत, धाकटी खट्याळ आहे, इथपर्यंत सगळं पाच मिनिटांत सांगितलं. शेवटी दोघंही हसत होती. पडद्यावरची तिघंही. डॉक्टर हातमोज्यांनी टाळ्या वाजवत होते, त्याचा आवाजच येत नव्हता.

शनिवारी शाळेचं पत्र आलं. तिला घेतलंय.

त्याच दिवशी आम्ही दोघांनी मिळून राउटर बसवला. तो रजयांतून काढून उघड्यावर, तार निळ्या भोकात. तिने सांगितल्याप्रमाणे दहा मिनिटं लागली. मी मध्ये मध्ये बोललो नसतो तर आठ. मग मी तिला आणखी एक वेगळी तार ओढून दिली, थेट तिच्या टेबलापर्यंत, भिंतीच्या कडेकडेने, एकही खिळा वाकडा नाही. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “बाबा, हे मला जमलं नसतं.” मी तिला खांबावरच्या गोष्टी सांगितल्या. तिने मला “चहा”, “नको” आणि “गप्प बसा” यांच्या खुणा शिकवल्या. तिसरी तुझ्या भावजयीने ताबडतोब उचलली. डॉक्टरांनी मला माफ केलंय, फक्त त्यांच्या राउटरच्या खोलीला कुलूप घातलंय.

सगळ्यांना आशीर्वाद, गुडघ्याला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझ्याकडे नेट नाही, हे किती गैरसोयीचं आहे याचा तू कधी विचार केला आहेस का? मी सहज विचारतोय.

ता. क. २. सहज नाही. सूनबाईची ती शाळा तुझ्याच गावात आहे, तुझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. चिरंजीव परत येईपर्यंत तुझी मागची खोली तिला देशील का? ती घरात असल्याचं कळतही नाही, असं मी तीन महिन्यांपूर्वी म्हटलं असतं. आता कळतं. तू एकटी असतेस, तुलाही सोबत होईल. माझ्या भिडेखातर हो म्हणू नकोस, पण हो म्हण. राउटर मी स्वतः येऊन बसवून देईन.

ता. क. ३. वन्सं, नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून ह्यांच्या नकळत चार ओळी. सूनबाईने शनिवारीच फोन केला आणि तुम्ही तिथल्या तिथे हो म्हणालात, हे ह्यांना अजून माहीत नाही. दोन ओळींचं मागणं मागायला ह्यांना तीन दिवस आणि एवढे कागद लागले, तेव्हा आम्हा दोघींना सांगवलं नाही. तुम्हीही लगेच हो कळवू नका. विचार करते म्हणा, खोलीत सामान आहे म्हणा, आणखी एखादं पत्र लिहायला लावा. तिचं जाणं जवळ आलंय, आणि सकाळपासून माणूस तिच्या टेबलाजवळची ती तार तपासतोय. त्यात काही बिघाड नाही.