मुखवट्यांचं पार्सल

१४ जून

"मोडीत आलेलं भांडं कोणाचं होतं, हे इचारू नाई पोरी."

बाबांचं वाक्य. शेलूबाजारला आमचं मोडीचं दुकान होतं. जुनं पितळ-तांबं वजनावर घ्यायचे. एक बाई लोटा मोडायला आली होती, डोळे पुसत होती. मी शाळकरी पोर, विचारलं तिला — कोणाचा? ती गेल्यावर बाबा बोलले. रागावून नाही, हळूच.

आणि मी धंदा नेमका उलटा मांडला! विचारत सुटते. अडकित्ता कोणाचा, करंडा कोणाच्या लग्नातला. ते सगळं साईटवर फोटोखाली लिहिते. नुसतं 'जुना पितळी अडकित्ता' लिहिलं तर पडून राहतो. आजेसासूबाई त्याने सुपारी कशी कातरायच्या ते लिहिलं की लगेच जातो.

आज धनजहून जाऊबाईंचा फोन. महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे विकायचे म्हणतात. मला ऐकूच येईना आधी.

१५ जून

धनजला जाऊन आले. जीपमध्ये घाम नुसता.

भागिरथा जाऊबाई ओसरीवर पाय लांब करून बसलेल्या. भाऊजी गेल्यापासून एकट्याच, मुलगा मुकेश हैदराबादला. घर वेगळं झालं तेव्हा थोरल्या घरी महालक्ष्म्या राहिल्या, आमच्याकडे कामरगावला शेत आलं. तेव्हापासून त्याच बसवतात.

"होत नाई वं अंजू आता माझ्यानं. धडाच्या कोठ्या मांडा, साड्या नेसवा, सोळा भाज्या, आंबील, फुलोरा... मागच्या साली देवीपुढं बसली तं उठताच येईना. शेजारणीनं उठवलं."

"मुकेशकडे हैदराबादला द्या ना."

"त्याची बायको म्हणते, आत्या, फ्लॅटात सोवळं जमत नाई. खरं बोलली बापा. खोटं बोलून घेतल्या असत्या तं कपाटात कोंबल्या असत्या."

मग माझ्याकडे बघत होत्या. कशासाठी ते मला कळत होतं. धाकटी सून मीच आहे. 'मी बसवते' एवढंच म्हणायचं होतं. पण एकदा उभ्या केल्या की दरसाल उभ्या करायच्या, मागे फिरता येत नाही — आणि मी चहाची कपबशी उचलून आत गेले.

परत आले तेव्हा त्यांनी अट सांगितली. "दोघी एकाच घरी गेल्या पायजेत. जेष्ठा-कनिष्ठा बहिणी हायेत. फारकत नाई करायची."

"नाही करणार."

"घेणारी बसवते न?"

"हो," म्हणाले. अजून गिऱ्हाईकाचा पत्ता नव्हता.

२१ जून

विकले गेले मुखवटे. फोटो टाकला त्याच दिवशी संध्याकाळी! सांगलीच्या योगिनीताई म्हणून आहेत. फोनवर बोलणं गोड, मोजकं. "चेहरे फार शांत आहेत हो," म्हणाल्या.

त्यांचं पान उघडून पाहिलं. भिंतभर मुखवटे. लाकडी, पितळी, कागदाच्या लगद्याचे, कुठकुठले. खिळ्याला टांगलेले. भिंत सुंदर आहे, खोटं कशाला बोलू.

जाऊबाईंना सांगितलं नाही.

२४ जून

जाऊबाई स्वतः आल्या, मुखवटे मांडीवर घेऊन. जीपवाल्याला म्हणे मागे ठेवू दिले नाहीत. ज्येष्ठेच्या गालाला पोचा आहे, तो भाऊजींच्या लहानपणचा. कनिष्ठेचा गाल गुळगुळीत.

पॅकिंगचा व्हिडिओ मी नेहमी करते. वस्तू चारी बाजूंनी दाखवायची, मग खोक्यात. पण मोबाईल उभा करेपर्यंत जाऊबाईंनी दोघींची तोंडं खणात गुंडाळून टाकलेली! आमच्या घरात मुखवटे घराबाहेर नेताना तोंड झाकूनच नेतात.

"अहो, एक मिनिट उघडा. व्हिडिओत दिसायला पाहिजे."

"निघाल्यावर तोंड उघडं टाकतेत का वं? काही तरीच."

झालं. व्हिडिओत दोन हिरवी गाठोडी खोक्यात जाताना दिसतात. आत मुखवटे आहेत की नारळ, कोण सांगणार.

कारंज्याला कुरिअरच्या काउंटरवर मुन्ना होता. "मॅडम, मालाची किंमत काय टाकू?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई — "किंमत? देवीची? लिहू नको बापा."

"मंग काय लिहू आजी?"

"लिही, दोघी बहिणी."

मुन्ना खो खो हसला. मागे रांग होती. 'घरगुती वस्तू' लिहिलं, किमतीची जागा कोरी ठेवली. नव्या बायकांना मीच सांगत असते — किंमत लिहा गं, नाहीतर हरवलं तर कोणी दारात उभं करत नाही. आज मीच गप्प. जाऊबाईंनी खोक्याला कुंकू लावलं. त्यांचे डोळे भरले होते आणि मला वाद नको होता.

२९ जून

योगिनीताईंचा फोन. "अंजूताई, खोक्यात एकच आहे."

एकच!

फोटो पाठवला. गुळगुळीत गाल. कनिष्ठा. खोक्याची एक बाजू फाटून परत चिकटवलेली. ती टेप माझी नाही, माझी तपकिरी असते.

ज्येष्ठा कुठे?

३० जून

कुरिअर कंपनी — पार्सल पोहोचलं, सही आहे. किंमत नोंदवलेली नाही, दावा होत नाही. शोध घ्या म्हटलं तर, "मॅडम, शोधायचं काय? घरगुती वस्तू म्हणजे काय?"

साईट (योगिनीताईंनी तिथे पैसे परत मागितलेत) — व्हिडिओत वस्तू दिसत नाही.

'किंमत लिहा गं' — माझंच वाक्य, जे मी दुसऱ्यांना ऐकवते.

३ जुलै

विकणाऱ्यांच्या ग्रुपवर हेमसिंग आहेत, वाशिमचे, जुनी नाणी विकतात. त्यांना सगळं सांगितलं.

"मॅडम, ये खेल पुराना हाय. दोन घेतेत, एक आली म्हणतेत, पैसे वापस, माल बी घरात. टेप तं कोणी बी फाडते. तुमी भोळ्या आहात."

दिवसभर तेच डोक्यात. ती भिंत आठवली. मग सुचलं — टोळधाडीसारखं सुचलं एकदम — की ज्येष्ठा त्या भिंतीच्या मागच्या खोलीत असणार. नक्की असणार!

ग्रुपवर टाकलं. नाव, नंबर, फोटो. 'या बाईपासून सावध.'

४ जुलै

टाकायला नको होतं. काढलंही नाही.

७ जुलै

योगिनीताईंचा फोन.

"मी शिकवण्या घेते हो. तुमचा तो फोटो पालकांच्या ग्रुपात फिरला. काल एका आईने मुलीला पाठवलं नाही. अनोळखी माणसं फोन करून 'देवी चोर' म्हणतात."

मी म्हणाले, "मग ज्येष्ठा गेली कुठे, ते सांगा."

त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी साईटचा निकाल. त्यांच्या बाजूने. पैसे त्यांना परत. आणि मी रागात, की बघा, हेमसिंग म्हणाले तसंच झालं.

१२ जुलै

जाऊबाईंना सांगावंच लागलं. सारखा फोन — "पोचल्या का? ओटी भरली का त्यांनी?"

धनजला गेले. त्या शेंगा निवडत होत्या.

"कोणती हारपली?"

"ज्येष्ठा."

"मोठी होय." शेंगा निवडत राहिल्या. पुढची मूठ उचलताना म्हणाल्या, "मंग धाकली एकटीच हाय काय वं, परक्या घरी?"

मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० जुलै

आमचे हे, पवन, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या बांधत होते, बाजाराच्या. मान वर न करता म्हणाले, "तू म्हटलं असतं तं वहिनीनं इकल्याच नसत्या."

"तुम्ही म्हणायचं होतं मग. घर तुमचं."

"मी म्हणून काय? सोळा भाज्या मी चिरणार होतो?"

"चिरल्या असत्या तर काय बोटं झडली असती?"

"तू इचारलं का?"

नंतर मीही जुड्या बांधायला बसले. खरं बोलले ते. मी कोणालाच विचारलं नाही. त्या ओसरीवरून उठले तेव्हाच सगळं ठरवून टाकलं होतं.

२ ऑगस्ट

मुन्नाचा फोन! "मॅडम, आमच्या अकोल्याच्या गोदामातला फोटो धाडला, पाहा बरं. त्या आजीची तं नाई?"

पोचा. पोचा आहे गालावर!!

३ ऑगस्ट

पवन आणि मी अकोल्याला, कुरिअरच्या गोदामात. मागे बेवारस मालाचं रॅक. तुटके मिक्सर, एका पायाचे बूट, आणि सर्वांत वरच्या फळीवर ज्येष्ठा. समोर उदबत्तीची राख. गळ्यात कण्हेरीचा हार, कालचाच.

झाडलोट करणाऱ्या बेबीबाईंनी सांगितलं. खोका ओलीने फाटला, एक गाठोडं बाहेर पडलं. पोरांनी खोका चिकटवून पुढे धाडला, गाठोडं नंतर बेल्टखाली सापडलं.

"साहेब म्हने, बेवारसच्या पोत्यात टाका, नोंद करा. खण सोडला तं हे! देवीले पोत्यात टाकतेत का? मी म्हटलं, साहेब, मी नाई टाकत, तुमीच टाका. त्यायनं बी नाई टाकलं. कम्पुटरात काय लिहाव? बेवारस देवी? मंग नाईच लिहिलं कोणी. रोज दोन फुलं आणत होती मी."

म्हणून सापडली नाही. आम्ही झाकली, किंमत लिहिली नाही. त्यांनी मान दिला, नोंद केली नाही. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. वाईट फक्त माझ्या मनात आलं, ३ जुलैला.

बेबीबाईंनी निघताना ज्येष्ठेला हळद-कुंकू लावलं. "येजो माय," म्हणाल्या.

४ ऑगस्ट

ग्रुपवरचं काढलं. 'मी खोटं बोलले, योगिनीताई निर्दोष' असं नाव घालून लिहिलं. हेमसिंगनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, बस. ज्या गटांत तो फोटो पुढे गेला तिथे माझी माफी काही जाणार नाही. माफी कोण पुढे ढकलतं!

योगिनीताईंनी फोन घेतला नाही. मोठा निरोप लिहिला, परत परत वाचून पाठवला. उत्तर रात्री आलं.

'सापडली ते बरं झालं. पाठवली तर घेईन, पैसे परत देईन. बाकी आपलं बोलणं नको.'

१० ऑगस्ट

ज्येष्ठेला घेऊन धनजला. जाऊबाईंनी मांडीवर घेतली. पोच्यावरून अंगठा फिरवत बसल्या.

मी वाटभर ठरवून गेले होते. "जाऊबाई, मी बसवते. यंदापासून. योगिनीताईंचे पाय धरते, धाकटी मागून आणते."

त्यांनी वर पाहिलं. "आत्ता म्हणून राह्यली तू?"

"हो."

"मले जूनमंदी पायजे होतं वं हे."

त्यांचा अंगठा पुन्हा पोच्यावर गेला.

"धाकलीनं त्या घरचा उंबरा ओलांडला. तिले मागं नाई फिरवायची. आता मोठी तिच्याकडं जाईन. बसवते न ती बाई?"

या वेळी 'हो' म्हणवलं नाही. भिंत सांगितली. खिळे सांगितले.

"खिळ्यावर?"

"हो."

"तुले ठाऊक होतं?"

"होतं."

जाऊबाई उठल्या — भिंत धरून, कष्टाने — आत गेल्या, चिंच भिजत घातली. दुपारभर मुखवटा घासत बसल्या. मला हात लावू दिला नाही. निघताना म्हणाल्या, "धाड. खिळ्यावर असली तरी बहिणीजवळ असन."

११ ऑगस्ट

धाडली. तोंड उघडं ठेवून व्हिडिओ केला. किंमत लिहिली. मुन्नाने काही विचारलं नाही. जाऊबाई आल्या नाहीत.

१६ ऑगस्ट

पोहोचली. योगिनीताईंनी फोटो पाठवला आहे — भिंतीवर दोघी शेजारी शेजारी. खाली एक शब्द नाही.

मी आत्ताच त्यांना लिहिलं. 'बोलणं नको म्हणालात, तरी एकदाच. महिनाअखेरीस महालक्ष्म्या आहेत. तीन दिवसांसाठी दोघींना भिंतीवरून उतरवून तुमच्या घरी बसवू द्याल का? कोठ्या, साड्या, भाज्या, सगळं मी घेऊन येईन, मीच करीन. जाऊबाई खुर्चीवर बसून फक्त सांगतील. तुम्हाला काही करावं लागणार नाही. माझ्याशी बोलावंही लागणार नाही.'

नाहीच म्हणतील. मी त्यांच्या जागी असते तर नाहीच म्हटलं असतं.