दुमडलेला कोपरा

बुधवार, १९ एप्रिल १९३३

काल इथे लिहिलं ते खोटं आहे. ‘सत्तावीसही पेपर कोपरे दुमडून तपासले’ असं लिहिलं. सगळे दुमडले नव्हते. पहिले दहा दुमडले, मग टाचण्या संपल्या. उठून आणायचा आळस केला. म्हणजे सतरा मुलींची नावं मला दिसत होती. कालची ओळ खोडत नाही. खाली खरं लिहिते.

कोपरा दुमडणं ही आप्पांची रीत. माळशिरसला मास्तर होते तेव्हापासूनची. पेपरावर नाव कोपऱ्यात लिहायचं, तपासणाऱ्याने तो कोपरा दुमडून टाचणी लावायची, आणि बेरीज झाल्यावरच उघडायचा. गोपाळला आणि मला घरी शिकवलं तेव्हाही हेच. दोन भावंडांचे दोनच पेपर — तरी टाचणी!

गौरम्मा इंग्रजीत एका मार्काने नापास. पस्तीस हवेत, तिला चौतीस. काल वर्गात यादी वाचली तेव्हा ती हसली. तिला ऐकू आलं नसावं असं मला वाटलं. आलं होतं.

गुरुवार, २०

संध्याकाळी गौरम्मा आणि तिचे वडील बसलिंगप्पा घरी आले. आमच्याच पेठेत त्यांचं भुसाराचं दुकान आहे. मी घाबरले. भांडायला आले असतील असं वाटलं. तसं काही नव्हतं. ओट्यावरच बसले, पाणी घेतलं. पोरगी पास झाली तर पुढे शिकवायची, नापास झाली तर अक्कलकोटला मावशीकडे पाठवायची, असं त्यांनी घरात कबूल केलं होतं म्हणे. मावशीने तिथे एक स्थळ बघून ठेवलंय. सोमवारी दुपारच्या गाडीने निघणार.

“एकच मार्क व्हय बाई?” ते म्हणाले. “आमच्या दुकानात तागडी येवढी हलली तर गिऱ्हाइकाला मूठभर वरनं टाकतो की आमी.” आणि स्वतःच हसले. मग म्हणाले, तसं नको पण. शाळेचं ते शाळेचं.

गौरम्मा एवढंच म्हणाली, “चूक कुटं झाली तेवढं दाखवा की बाई. पुन्यांदा करनार न्हाई.”

पेपर माझ्या पेटीत होता. शाळेत आहे म्हणून सांगितलं. हे दुसरं खोटं.

शुक्रवार, २१

तिचा पेपर चार वेळा वाचला. बाकीच्या चुका चुकाच आहेत. अडकते ती एका वाक्यापाशी. ‘नन ऑफ द गर्ल्स वेअर लेट’ — मुलींपैकी कोणीही उशिरा आली नाही. गौरम्माने ‘वेअर’ लिहिलं. मी ‘वॉज’ पाहिजे म्हणून फुली मारली.

आता माझंच डोकं चालेनासं झालंय. आप्पांच्या जुन्या वहीत आहे — ईच, एव्हरीवन, नोबडी, नन : ही सगळी एकवचनी, क्रियापद एकवचनी. पण शाळेच्या पुस्तकात ‘नन’ त्या यादीत नाहीच! त्याच्यासाठी वेगळी टीप : दोन्हीही चालतं. मग ‘सम’ आणि ‘ऑल’? ते मागून येणाऱ्या नामावर अवलंबून. दूध असेल तर ‘इज’, मुली असतील तर ‘आर’. मग ‘नन’च्या मागूनही मुलीच येतात ना? आणि एव्हरीबडी म्हणजे सगळे, तरी ते एकवचनी. सगळे मिळून एक कसे? लहानपणी हे मी घडाघडा म्हणत असे. तेव्हा समजलं होतं का? की नुसतं पाठ होतं?

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंना — मुक्ताबाईंना — विचारलं. वाक्य विचारलं, नाव सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, काही पुस्तकं हे म्हणतात, काही ते, तुम्ही काय धराल ते. पण निकालाच्या वहीवर सोमवारी सकाळी त्यांची सही होते. सहीनंतर आकडा हलत नाही. त्याआधी हलवायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि ते शाळेच्या कमिटीपुढे जातं.

मग म्हणाल्या, “अनसूयाबाई, तुमची नेमणूक जूनपर्यंतचीच आहे. उगीच कमिटीला तुमचं नाव आठवायला लावू नका.”

मायेनेच म्हणाल्या असाव्यात. की नाही?

शनिवार, २२. सकाळ

नन इज. नन आर. भाकरी करपली.

शनिवार, दुपार

आत्ता जे दिसलं ते लगेच लिहिते, नाहीतर उद्या मी ते गोड करून लिहीन.

सगळे पेपर काढले. वाटलं, दोन्ही चालत असेल तर जिने जिने ‘वेअर’ लिहिलं तिला तिला एक मार्क द्यावा लागेल. सगळ्यांचेच आकडे हलवायचे तर ती नियमाची बाब होईल, कमिटीही फारसं बोलणार नाही. म्हणून मोजायला बसले.

पाच जणींनी ‘वेअर’ लिहिलंय. तिघींच्या कोपऱ्यांना टाचणीची भोकं आहेत. त्या तिघींना बरोबर दिलंय. चौथी शेजारच्या वकिलांची लीला. भोक नाही, नाव दिसत होतं. तिलाही बरोबर.

फुली एकटीलाच.

आता नीट आठवतं. बाकीच्यांचं वाक्य कानाला बरं लागलं म्हणून मी पुढे गेले. कसला नियम नि कसलं काय! वही उघडलीच नव्हती. गौरम्माचं नाव दिसलं आणि मनात आलं — हिचं मराठीच कानडी वळणाचं, इंग्रजीत काय दिवे लावणार. आणि मग मी चूक शोधायला लागले. शोधली की सापडतेच. नियम फुलीनंतर आठवला.

दोन दिवस मी व्याकरणात उत्तर शोधत होते. ते तिथेच सापडावं असं मला वाटत होतं बहुतेक.

शनिवार, दिवे लागले तेव्हा

कमिटीला काय लिहू? ‘नजरचुकीने’ लिहिता येईल. सगळेच तसं लिहितात. पण नजर चुकली नव्हती. नजर नावावरच होती.

जूनमध्ये नोकरी गेली तर माझं काय? घरी बसेन. आई आनंदाने बसवेल. सात वर्षांपूर्वीही बसलेच होते की! आप्पांनी सांगितलं होतं, पुण्याला एकालाच पाठवता येईल, घरच्या परीक्षेत पहिला येईल त्याला. गोपाळ एका मार्काने पहिला आला. मी रडले नाही. कोपरा दुमडलेला होता. आप्पांना माहीत नव्हतं कोणता पेपर कोणाचा. त्या एका गोष्टीवर मी सात वर्षं नीट जेवले-झोपले आहे.

रविवार, २३

आप्पांना सगळं सांगितलं. पाचही पेपर त्यांच्यापुढे ठेवले. वाटलं, रागावतील. त्यांचीच रीत मोडली ना मी. टाचण्या आणायला उठले नाही म्हणून सांगताना मला रडू आलं.

आप्पांनी टाचणीची भोकं बोटाने चाचपली. मग म्हणाले, “अनू, टाचणी नाव झाकते. अक्षर कुठे झाकते?”

मला कळलं नाही. म्हणाले, तिसरी ओळ वाचेपर्यंत मला कळायचं पेपर कोणाचा ते. तुझं वेलांट्यांचं अक्षर, गोपाळचे कोंबडीचे पाय. रोज बघत होतो.

मी विचारलं, पुण्याच्या वेळच्या परीक्षेतही?

“त्या वेळी दोन मार्कांनी तू पुढे होतीस.”

एवढंच. गोपाळ हिरमुसला असता, मुलीला पुण्यात कुठे ठेवणार होतो, हेही म्हणाले. मी ऐकत होते की नाही आठवत नाही. माझे तीन मार्क कुठे कापले ते विचारायचं होतं. गौरम्मासारखंच. विचारलं नाही.

आई हाक मारत होती. मी जाऊन ताटं घेतली. आप्पांना वाढलं. ते जेवले नाहीत.

रविवार, निजण्याआधी

कारण लिहून ठेवलं आहे, एकाच ओळीचं : नाव दिसलं म्हणून एक मार्क कापला. खाली माझं नाव, पूर्ण. कोपऱ्यात नाही.

मोठ्या बाई सहीला सातला बसतात. उद्या, सोमवार, २४ एप्रिल, पावणेसातला मी त्यांच्या दारात असेन. तिथून बसलिंगप्पांच्या दुकानावर — दुपारच्या गाडीआधी.