उंच पायांचा पलंग

सालेकसा,
१८ मे २०२५

सौ. विहीणबाईंना गुणवंताचा नमस्कार.

तुम्ही सगळे खुशाल असाल. आम्ही इकडे जसे आहोत तसे आहोत. ऊन फार आहे, तेंदूपत्त्याची तोडणी संपत आली, माझे गुडघे तसेच आहेत.

फोन तुम्ही उचलत नाही. दोनदा व्याह्यांनी उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. म्हणून हे पत्र. सत्तावीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरली आहेत, लिहायला मी कोणाला भीत नाही. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाडा.

काम एकच आहे. तुमच्या घरून आलेला सागवानी पलंग मला घरातून काढायचा आहे, आणि मृग लागायच्या आत काढायचा आहे.

रविता जाऊन येत्या धानाच्या रोवणीला वर्ष होईल. तेरवीला तुम्ही आमच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाहीत, ते मी विसरलेले नाही. सामान घेऊन जा, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. तुम्ही चारचौघांत म्हणालात, लेकीला दिलेलं आंदण आम्ही परत नेत नाही. मोठ्या मनाचे लोक तुम्ही. पण ते सांभाळायचं कोणी, याचा विचार मोठ्या मनात आला नाही.

सोफा वाचनालयाने नेला. आरशाची आलमारी देवळाच्या धर्मशाळेने नेली. तिच्यावर तुम्ही पेंटरकडून 'रविता-लखन' लिहून घेतलं होतं, बाजूला गुलाबाचं फूल. मंडळी म्हणाली, नाव काढून द्या. मी पाट घेऊन बसले आणि चाकूने खरवडलं. पूर्ण दुपार गेली. पेंट चांगला होता, तेवढं मान्य करते.

राहिला पलंग. त्याच्या बाबतीत तुमच्या जावयाने मला अटी घातल्या आहेत. विकायचा नाही, तोडायचा नाही, जाळायचा नाही. ज्याला त्या पलंगाची खरी गरज आहे, अशा माणसाने त्यावर झोपलं पाहिजे. तोवर लखन माझं काही ऐकणार नाही. काय ऐकणार नाही, ते पुढे लिहिते.

मला वाटलं, यात काय मोठं? फुकटात सागवान कोण नाही म्हणेल? विहीणबाई, फुकट देण्यासारखा अपमान दुसरा नाही.

फुलचूरकडे म्हाताऱ्यांचा एक आश्रम आहे. आधी म्हणाले, व्हॉट्सॲपवर फोटो टाका. टाकला. मग म्हणाले, वरचं नवेपणाचं प्लास्टिक बाजूला सारून फोटो टाका, खालून टाका, गादी उचलून टाका. मुलगी दाखवतानासुद्धा इतकं पाहत नाहीत. शेवटी त्यांचा माणूस टेप घेऊन आला, पाय मोजले आणि म्हणाला, "माताजी, बेड तो बढिया है, पर हाइट बहुत है. हमारे बुजुर्ग उतरते टाइम गिर जायेंगे." चहा पिऊन गेला.

एवढे उंच पाय कोणी करतं का? मी तर लग्नातच म्हटलं होतं, पाहुण्यांसमोर, की व्याह्यांनी चढायला शिडीही द्यायची होती. सगळी बैठक हसली होती. व्याही तेवढे हसले नव्हते. म्हणाले होते, "आमच्या तलावाकडं पावसाळ्यात साप लय निंगते, बाई. तुमच्याकडंबी धानाच्या बांध्या हायेत. म्हून सुताराजवळ बसून म्या पाय उंच करवले." मला आठवतं सगळं.

सुताराला पाय कापायला बोलावलं, तर लखन पलंगाला हात लावून उभा राहिला. सुतार करवत घेऊन परत गेला.

मग आश्रमशाळेत गेले. अधीक्षक म्हणाले, वस्तू घेतली की डेड स्टॉकच्या रजिस्टरमध्ये चढवावी लागते, त्याला वरून परवानगी लागते, परवानगीला अर्ज लागतो, आणि अर्ज करूनही साठ पोरांत एक पलंग कोणाला द्यायचा? मी म्हटलं, जो आजारी पडेल त्याला द्या. ते म्हणाले, मग रोज वीस पोरं आजारी पडतील. हसत होते. मी हसले नाही.

समाजाच्या सामूहिक विवाहाचं मंडळ गरीब नवरीला संसाराचं सामान देतं, हे तुम्हाला माहीत आहे. केशोराव अध्यक्ष आहेत. मी म्हटलं, पलंग माझ्याकडून लिहा, नाव पुकारू नका. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या सुनेचं आंदण म्या दुसऱ्याच्या पोरीले देऊ? कोणाले पोरगी जड झाली काय?" वीस वर्षं हा माणूस मला बाई म्हणून उठून नमस्कार करत होता.

शेवटी मी मंगरूच्या बायकोला बोलावलं. आमच्याकडे रोवणीला येते. पाच माणसं आणि घरात एक खाट, तीही मंगरूच्या बापाची. तिच्याहून गरजू कोण? तिला बैठकीत नेऊन पलंग दाखवला. तिने एक बोट प्लास्टिकवरून फिरवलं आणि हात मागे घेतला.

"बाई, मले नाई पाहिजे."

"काऊन? फुकट देऊन राहिली ना मी."

"जिच्या बापानं देल्ला, तिले निजू नाई देल्लं तुम्ही. आन मले देता?"

माझ्या घरात, माझ्या तोंडावर. मी तिला सांगितलं, यंदा रोवणीला येऊ नको. ती म्हणाली, "नाई येत." आणि दाराशी चपला घालून निघून गेली.

तिने तोंड उघडलंच आहे, तर आता तुम्हीही माझ्याकडूनच ऐका. गावातून अर्धंमुर्धं पोचलं असेल. मी तुमच्या मुलीला मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. बापाने काय दिलं, काय नाही, यावरून एक शब्द बोलले नाही, शिडीचं सोडलं तर. पलंग नवा होता, पाहुण्यांसाठी बैठकीत ठेवला होता. प्लास्टिक कोणत्या घरात लगेच काढतात? तुमच्या टीव्हीच्या रिमोटवर अजून प्लास्टिक आहे, मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या दिवशी ती रोवणीवरून आली. लखनची राईस मिलमध्ये रात्रपाळी होती. त्या दोघांच्या बाजेची दोरी तुटली होती, ती विणायला मी आठ दिवस सांगत होते. रविता म्हणाली, "आई, कंबर लय धरली. आजच्या दिवस पलंगावर पडू काय?" मी म्हटलं, आधी पाय बघ, किती चिखल आहे. ती गेली, पाय धुऊन आली. मी म्हटलं, नखांत आहे. ती पुन्हा धुऊन आली. तरी मी नाही म्हटलं. एकदा नाही म्हटल्यावर मला हो म्हणता येत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि या वयात तो बदलणार नाही. तिने माझ्या बाजेच्या बाजूला चटई टाकली.

मण्यार चावलेली कळतही नाही म्हणतात. सूज नाही, रक्त नाही. मला तरी कसं कळणार? सकाळी पोट दुखतं म्हणाली. मी म्हटलं, रोवणीला जायचं नाही म्हणून नाटक आहे. नंतर तिच्या पापण्या उघडेनात, तेव्हा मी ऑटो बोलावला. उशीर केला असं कोणी म्हणू नये.

दवाखान्यात डॉक्टर लिहून घेत होता. त्याने विचारलं, "खाली का झोपली होती? घरात खाट, पलंग काही नव्हतं का?"

मी म्हटलं, "नव्हतं, साहेब."

लखन माझ्या मागे उभा होता. मिलमधून तसाच आलेला, डोक्यावर धानाचा कोंडा. त्याने ते ऐकलं. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर अकरा वर्षं तक्ता होता, 'पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका', मीच टांगलेला. तो कोणीतरी काढून आमच्या अंगणात आणून ठेवला. कोणी ठेवला, ते मी विचारलं नाही.

आता तो काय ऐकत नाही, ते लिहिते. लखन जमिनीवर झोपतो. त्याच जागी, त्याच चटईवर. दहा महिने झाले. थंडीत मी काही बोलले नाही, उन्हाळ्यात म्हटलं, गारवा असेल. पण आता मृग येतो आहे. परवा माझ्या बाजेमागच्या भिंतीच्या भेगेतून कात निघाली, हातभर. त्याला दाखवली. त्याने ती पाहिली आणि चटई आणखी भिंतीकडे सरकवली. मी हात जोडले, विहीणबाई. पोटच्या पोराला हात जोडले. तो म्हणाला, "पलंगावर माणूस निजला की मी खाटेवर निजतो. तुले सांगितलं ना."

हे लिहायचं नव्हतं. मला फक्त सामान घेऊन जा, असं लिहायचं होतं.

पलंग तुम्ही न्या. टेम्पो मी पाठवते. व्याह्यांनी त्यावर एकदा पाठ टेकली तरी लखन मानेल, तो त्यांना फार मानतो. तुम्ही आंदण परत नेत नाही, हे ठीक आहे, पण दान म्हणून घ्या. तुमच्याजवळ रोशन आहे, खुशबू आहे. मला एकच आहे. तुम्ही आई आहात, तुम्हाला मी काय समजावून सांगू?

मृग लागायच्या आत या. उशीर करू नका.

तुमची, अजून तरी, विहीण
गुणवंता


नवेगाव बांध,
२७ मे २०२५

गुणवंताबाई,

पत्र मिळालं. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. मी सांगते आहे, खुशबू लिहिते आहे. मधे मधे ती थांबते, म्हणून दोन दिवस लागले.

पत्र खुशबूने ह्यांना आणि मला वाचून दाखवलं. शिडीपर्यंत ऐकलं आणि उठून बाहेर गेले. पुढचं मी एकटीने ऐकलं.

पोट दुखतं म्हणाली होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही तेव्हा सांगितलं नाही. पाय दोनदा धुतले, हेही माहीत नव्हतं. दहा महिने मी विचार करत होते की पोरीने मागितला तरी असेल का पलंग, का लाजून गप्प राहिली. मागितला होता. बरं झालं तुम्ही लिहिलं.

पलंग आम्ही नेणार नाही. टेम्पो पाठवू नका. आमच्या घरी ज्याला त्याला खाट आहे, त्याची गरज आमच्यात कोणाला नाही.

पण जवाईबापू खाली निजतात, हे मला चालणार नाही. त्यांचा माझ्यावर काही राग नाही, ते माझा फोन उचलतात. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन केला. विचारलं, बापू, गरज असलेला माणूस म्हणजे कसा माणूस पाहिजे तुम्हाला? ते म्हणाले, ज्याला त्याच्याशिवाय झोप येणार नाही असा. मी त्यांना एक नाव सांगितलं. ते म्हणाले, "बरं, आई."

तुम्ही वृद्धाश्रमात गेलात, आश्रमशाळेत गेलात, मंगरूच्या बायकोची रोजी तोडलीत. बैठकीपासून तुमच्या बाजेपर्यंत मात्र चालत गेला नाहीत.

प्लास्टिक काढा. आजपासून त्या पलंगावर तुम्ही निजायचं. तुमची बाज जवाईबापूंना द्यायची, पलंगाच्या बाजूला टाकून. हे त्यांनी मला कबूल केलं आहे. ज्या दिवशी तुम्ही पलंगावरून उतरून दुसरीकडे निजाल, त्या दिवशी ते पुन्हा चटई टाकून खाली निजतील. एक दिवस नाही, एक पावसाळा नाही. तुम्ही आहात तोपर्यंत. पाहुणे आले तरी.

गादी छान आहे. कापूस आमच्या घरी बसून पिंजून घेतला होता. रविताने स्वतः दाबून पाहिली होती.

चढायला तुम्हाला जड जाईल, पाय उंच आहेत आणि तुमचे गुडघे दुखतात. त्याची काळजी करू नका. पलंगाचं सागवान थोडं उरलं होतं, ते माळ्यावर होतं. ह्यांनी काल खाली काढलं आणि शिडी करायला घेतली आहे. लग्नात द्यायची राहिली होती, असं तुम्हीच लिहिलं आहे. मृगाच्या आत रोशन ती घेऊन तुमच्या दारात येईल.

रविताची आई