टॉवेलखालची ओल

३ मार्च
खाज! ऑफिसात खुर्चीवर धड बसवत नाही. अंगावरून पांढरं जातंय, फाटलेल्या दुधासारखं. वास मात्र नाही. घशासाठी अँटिबायोटिक घेतलं, त्यानंतरच हे सुरू झालं. आई म्हणते, "उष्णता आहे. पाणी पी आणि गप्प बस." वहिनी म्हणाली, जंतुनाशकाने धू. धुतलं — आग आग झाली, डोळ्यांत पाणी!

५ मार्च
औषधाच्या दुकानात गेले. "मलम कुणासाठी?" "माझ्यासाठी." "लग्न झालंय का?" — भर गिऱ्हाइकांत! खाज काय लग्नपत्रिका बघून येते? आणि मी? मलम न घेताच परत आले.

६ मार्च
डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. यीस्टची, म्हणजे बुरशीची लागण. "निम्म्याहून जास्त बायकांना कधी ना कधी होतेच," म्हणाल्या. रात्री आत ठेवायची गोळी, बाहेरून मलम. खाज थांबली तरी औषध अर्धवट सोडायचं नाही. जंतुनाशक, सुगंधी साबण बंद. कपडे सुती आणि पूर्ण वाळलेले.

पूर्ण वाळलेले! आमच्या घरी बायकांचे आतले कपडे मोरीत, टॉवेलखाली लपवलेले. कायम दमट. बाबांच्या आणि दादाच्या चड्ड्या मात्र गॅलरीत, रस्त्याकडे तोंड करून, ऐटीत!

७ मार्च
माझे कपडे गॅलरीत वाळत घातले. आईने ओढून आत आणले.
"शिकलीस म्हणून घराची अब्रू वेशीला टांगणार?"
"मग बाबांची रोज टांगतेस ती?"
वहिनीला हसू आवरेना. आई जेवलीच नाही. घरातली पहिली पदवीधर मी, आणि मला एक चड्डी उन्हात वाळवता येत नाही!

१० मार्च
खाज गेली. औषध चालूच. आईचा अबोलाही.

१२ मार्च
मी कपडे धूत होते. आई दारात येऊन उभी राहिली.
"तुझं ते मलम... उरलंय का गं?"
"कशाला?"
"मलाही होतं. जातं, परत येतं."
"कधीपासून?"
"तू कॉलेजात गेलीस तेव्हापासून."

इतकी वर्षं! ओरडणार होते, पण तिचा चेहरा बघितला, हात पुसले आणि तिच्याजवळ गेले. मलम दिलं नाही. उद्या रजा टाकते आणि तिला घेऊन जाते.

१३ मार्च
पुन्हा पुन्हा होतं म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी आईचं रक्तही तपासलं. साखर भलतीच वाढलेली — म्हणूनच बुरशी परत परत येते, म्हणाल्या. रिक्षात आईने हळूच विचारलं, "हे तरी चारचौघांत सांगायला चालतं ना गं?"