दोन बॅट्समनच्या बदल्यात

प्रिय विलासदादा,

परवा वहिनीचा फोन आला. म्हणाली, "भावोजी, वर्षश्राद्धाला वाडीतली माणसं जमणार. तुम्ही कुवेतात ह्यांच्याबरोबर होतात. चार शब्द पाठवा, कोणीतरी वाचून दाखवील." पाठवले. मोठ्या मनाचा कर्णधार, सगळ्यांचा आधार, असलं काहीबाही. लिहिताना माझा मलाच राग येत होता. म्हणून आता खरं लिहायला बसलोय. हे वाचायला कोणी नाही, तूसुद्धा नाहीस.

आठवतं, तू सुट्टीवर गावी आला होतास आणि कातळावर आमच्या टेनिस बॉलच्या मॅचेस चालल्या होत्या? तू हौसेने कीपिंगला उभा राहिलास. माझा यॉर्कर तुझ्या ग्लोव्हजमधून निसटला तसा तू खाली वाकून हसत सुटलास. संध्याकाळी थेट आमच्या पडवीत! "काकी, ह्याच्या हातात सोनं आहे. तिकडे कंपन्यांच्या टीम असतात. एसीचं काम शिकेल, शुक्रवारी सुट्टीला बॉल टाकेल."

आईने तुला माशाचं सार आणि भात वाढला. म्हणाली, "विलास, पोराला सांभाळशील ना रे?"

"माझ्या भावासारखा ठेवीन," तू म्हणालास. असं म्हणालास की नाही?

आणि ठेवलंसही, ते नाकारत नाही. फरवानियातल्या खोलीत खिडकीजवळचा पलंग मला दिलास. मॅच झाली की खालच्या बकाल्यातून, त्या किराणा दुकानातून, गोठवलेल्या मटारची पिशवी आणून माझ्या खांद्यावर दाबून धरायचास. लोक विचारायचे, हा कुठून आणलास? तू छाती पुढे काढून सांगायचास, "माझ्या वाडीतला आहे." ते दोन सीझन मी तुझ्यासाठी जीव तोडून बॉलिंग टाकली. कंपनीसाठी नाही, तुझ्यासाठी.

मग तो उन्हाळा. मैदानं ओस पडली की तुम्हा कॅप्टन लोकांचा खरा सीझन सुरू व्हायचा. कोण सुटतोय, कोणाला कोणती कंपनी नोकरीतून रिलीज देणार, कोणाचा डावखुरा स्पिनर मोकळा आहे. फोन तुझ्या कानाला चिकटलेला असायचा. मला मजा वाटायची. मी बोंबील तळता तळता तुझी सौदेबाजी ऐकत असे.

त्या दिवशी तू माझ्यासमोरच बसून मी रांधलेला भात खात होतास. टीमच्या ग्रुपवर मेसेज आला. 'दिनेश, रिलीज. बदल्यात दोन बॅट्समन.' पाठवणारा तू. दादा, तुझं बोट अजून आमटीने माखलेलं होतं!

मी विचारलं, "ही गंमत आहे का?"

तू वर बघितलंही नाहीस. "गंमत कसली? टीमसाठी करावं लागतं. वेगवान बॉलरचा खांदा फार दिवस टिकत नाही, दिनू. माल चालतोय तोवर विकायचा असतो."

माल. माझ्या आईच्या हातचं जेवलेला माणूस मला माल म्हणाला.

तू मला ज्यांना दिलंस त्या राई भागातल्या कंपनीत एसीचं काम देतो म्हणाले होते. दिलं काय? गोदामात खोकी उचलायचं. आठवडाभर खोकी, शुक्रवारी बॉलिंग. तुला फोन केला तर म्हणालास, "ॲडजस्ट कर. सगळे करतात."

आणि मग तुझ्याच टीमविरुद्धची मॅच. तू बॅटिंगला होतास. मी बॉल सोडला आणि खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. बॉल माझ्याच पायाशी पडला. मी मॅटवर गुडघे टेकले, डोळ्यांपुढे अंधारी आली. तू समोरून चालत आलास. मला वाटलं, आता हा मला उठवणार. तू माझ्या बाजूने गेलास आणि अंपायरला विचारलंस, "ही ओव्हर पूर्ण कोण टाकणार?"

दादा, त्या खांद्याचं दुखणं मी विसरलोय. तुझं ते वाक्य नाही विसरलो.

आमच्या मुदीरने, मॅनेजरने, मला गेटवर बसवलं. क्रिकेटमध्ये उरलो तो स्कोअर लिहिण्यापुरता.

मग तुझी पाळी आली. तुमच्या टीमला नवा तरुण कॅप्टन आला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याने तुला मोकळं केलं. सालमियातल्या हॉटेलात सगळ्या टीम जमल्या होत्या. एकेक नाव वाचायचं, ज्याला हवा त्याने हात वर करायचा. तुझं नाव वाचलं. एकही हात नाही. वाचणारा मिश्कीलपणे म्हणाला, "विकेटकीपर, अनुभवी. फुकटमें भी चलेगा!" सगळं हॉटेल हसलं.

तूही हसलास. मी कोपऱ्यातून तुझ्याकडे बघत होतो. ह्या दिवसाची मी किती वाट बघितली होती! आणि तो आला तेव्हा मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

तू उठून म्हणालास, "माझी ट्रायल घ्या." का म्हणालास? गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?

शुक्रवारी सकाळीच मॅट तव्यासारखं तापलं होतं. त्या तरुण कॅप्टनने गंमत म्हणून आपला सगळ्यात वेगवान पोरगा तुझ्यासमोर उभा केला. "करो अंकल, कीपिंग करो." त्यांनी मोबाइल काढले होते. तू उठत होतास, बसत होतास, बाजूला झेपावत होतास. शर्ट अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे पडलेले. मी पाणी घेऊन धावलो. "दादा, बस कर."

"तू गप्प राहा. तुला काय कळतं?"

तुझे माझ्याशी शेवटचे शब्द हे. पुढच्या एका बॉलला तू खाली वाकलास तो परत उठलाच नाहीस. ॲम्ब्युलन्समध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. कोणाच्या मांडीवर आहे, हे तुला कळलं का रे?

ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. त्याच्याच खाली त्या कॅप्टनचा मेसेज होता. 'एक कीपर पाहिजे, तरुण.'

आता ऐक. तुझा ओंकार डावखुरी टाकतो. माझ्यापेक्षाही वेगवान. गावातल्या पोरांनी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो इथपर्यंत पोचला. तोच कॅप्टन मला म्हणाला, "दिनेशभाई, बाप नहीं चला, बेटा चलेगा. बुलाओ." वहिनी खुशीत. ओंकारने फोनवर सांगितलं, "काका, मी बॅग भरतोय."

मी त्याला सगळं सांगितलं. बापाचं नाव वाचल्यावर हॉटेल कसं हसलं, तेसुद्धा. काहीही मऊ करून सांगितलं नाही. तो ओरडला, "तुम्ही जळता माझ्या बाबांवर!" आणि फोन ठेवला. तेव्हापासून बोलत नाही. वहिनी म्हणते, जेवत नाही धड. मी त्याच्या मनातला बाप मारला. पण मग काय करायला हवं होतं? सांग ना! तुझ्यासारखी छाती पुढे काढून त्याला आणायला हवं होतं?

एक वचन देतो. ओंकार आधी गावी सुरू केलेला वायरमनचा कोर्स पुरा करेल. मग मीच त्याला इथे आणीन, वायरमन म्हणून. त्याला बॉलिंग टाकावीशी वाटली तर शुक्रवारी खुशाल टाकू दे, पण कुठल्याही कॅप्टनला त्याचा सौदा करू देणार नाही. तो मला जन्मभर शिव्या देईल. देऊ दे.

तुला माफ करीन, असं वचन मात्र मागू नकोस.

तुझ्या वाडीतला,
दिनू